विश्लेषण : सायकल घेतली, पुढे काय? रोजच्या फेरीसाठी आणि रेल्वे-बोटीच्या प्रवासासाठी नेमके कोणते सामान लागते?

पावसाळा सरून थंडीची चाहूल लागली की सायकलच्या दुकानांत गर्दी वाढते. नवी सायकल घेताना गिअर किती, फ्रेम कसली, डिस्क ब्रेक आहेत का, याची तासभर चौकशी होते. बिल झाल्यावर मात्र दिवा, कुलूप, पंप, जादा ट्यूब या वस्तू ‘नंतर बघू’च्या यादीत जातात. त्यातल्या एखाद्या वस्तूची गरज पडते ती नेमकी रात्री अंधाऱ्या वळणावर, घाटात किंवा रेल्वेच्या पार्सल खिडकीसमोर. रोज सायकलने कामावर जाणारा असो की चार दिवसांची रजा टाकून मांडव्याहून किनाऱ्याकिनाऱ्याने रत्नागिरीला निघालेला असो, सामान निवडण्याची कसोटी एकच आहे : ही वस्तू नसेल, तर आपण कुठे अडकू आणि ते किती महागात पडेल?

सर्वांत आधी काय घ्यावे?

मागचा लाल दिवा. हेल्मेटच्याही आधी. कारण हेल्मेट अपघात झाल्यावर कामाला येते, तर दिवा अपघात टाळायला मदत करतो.

हे समजण्यासाठी थोडे गणित पाहू. ताशी ६० किलोमीटरने येणारी मोटार सेकंदाला सुमारे १६.७ मीटर अंतर कापते. समोर काहीतरी आहे हे चालकाला दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा वेळ रस्त्यांची रचना करताना २.५ सेकंद धरला जातो. तेवढ्यात मोटार सुमारे ४२ मीटर पुढे आलेली असते. त्यानंतर ब्रेक लागून ती थांबेपर्यंत आणखी जवळपास ४० मीटर जातात. म्हणूनच इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत ताशी ६० किलोमीटर वेगासाठी थांबण्याचे अंतर ८० मीटर दिलेले आहे. थोडक्यात, मागून येणाऱ्याला सायकल ८० मीटरवरून दिसली नाही, तर त्याचे ब्रेक कितीही चांगले असले तरी उपयोग नाही.

रिफ्लेक्टर आहेत, मग दिवा कशाला?

रिफ्लेक्टर स्वतः उजेड देत नाही. मोटारीच्या दिव्याचा झोत त्याच्यावर पडला तरच तो चमकतो. वळणावर झोत रस्त्याबाहेर जातो, चढाच्या पलीकडे तो पोहोचतच नाही आणि चिखलाने माखलेला रिफ्लेक्टर नसल्यातच जमा असतो. लाल दिव्याला कोणाच्या झोताची वाट पाहावी लागत नाही. दोन्ही हवेत; पण एकच घ्यायचे असेल तर दिवा. काही शे रुपयांत यूएसबीवर चार्ज होणारा चांगला दिवा मिळतो. तो सीटखालच्या नळीवर लावावा आणि सॅक, जॅकेट किंवा कॅरिअरवरच्या सामानाआड झाकला जात नाही ना, हे दहा पावले मागे जाऊन पाहावे.

पुढचा पांढरा दिवा रस्ता दाखवण्यासाठी असतो आणि समोरून येणाऱ्याला आपण दिसावे म्हणूनही. तो खाली झुकवून लावावा. डोळ्यांत जाणारा झोत समोरच्याला आंधळा करतो आणि मग तोच आपल्या अंगावर येण्याचा धोका असतो.

जुन्या पिढीला हे नवे नाही. सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागत असे, त्या काळी रात्री दिव्याविना सायकल चालवली की पोलीस अडवत. टायरला घासून चालणारा डायनॅमो तेव्हा घरोघरी होता. पुढे बिल्ला गेला, डायनॅमोही गेला आणि दिव्याची सवयही त्याच्यासोबत गेली. आज लांब पल्ल्याच्या ‘ब्रेव्हे’ प्रकारच्या सायकल फेऱ्यांत रात्री पुढचा-मागचा दिवा आणि चमकदार पट्ट्यांचे जॅकेट सक्तीचे असते. २०० किलोमीटरसाठी तिथे साडेतेरा तासांची मुदत असते. म्हणजे हळू चालवणाऱ्याला हिवाळ्यात अंधार गाठतोच.

हा प्रश्न केवळ हौशी सायकलस्वारांचा नाही. २०११च्या जनगणनेनुसार देशात कामावर जाणाऱ्यांपैकी (शेतीतील कामगार वगळून) सुमारे १३ टक्के लोक सायकल वापरत होते. पहाटे पाळीला जाणारा कामगार, रात्री घरी परतणारा सुरक्षारक्षक, क्लासहून येणारी विद्यार्थिनी यांच्या काळ्या, साध्या सायकलींनाच दिव्याची गरज सर्वाधिक आहे. दिवा नसतोही बहुधा त्यांनाच.

हेल्मेट कोणते घ्यावे?

मोटार वाहन कायद्यातील हेल्मेटसक्ती मोटारसायकलींना लागू आहे, सायकलला नाही. त्यामुळे सायकलच्या हेल्मेटची निवड ग्राहकावरच येते. मोटारसायकलचे आयएसआय हेल्मेट वेगळे. ते जड असते, त्याला हवेच्या खिडक्या कमी असतात आणि पायाने जोर लावणाऱ्याला त्यात घाम असह्य होतो. सायकलच्या हेल्मेटच्या आत ‘ईएन १०७८’ किंवा ‘सीपीएससी’ असा शिक्का शोधावा. पहिले युरोपचे मानक आहे, दुसरे अमेरिकेचे.

आतला पांढरा थर थर्मोकोलच्या जातीचा असतो. आपटल्यावर तो दबतो आणि धक्क्याची ऊर्जा त्या दबण्यात खर्च होते. एकदा दबलेला थर पुन्हा फुगत नाही. म्हणून जोरात आपटलेले हेल्मेट वरून धडधाकट दिसले तरी बदलावे. घालताना पुढची कड भुवयांच्या वर साधारण दोन बोटांवर यावी आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात एखादे बोट जेमतेम शिरावे. कपाळ उघडे टाकून मागे सरकवलेले हेल्मेट डोक्यावर असून नसल्यासारखेच.

कुलूप किती जाड असावे?

दुकानात सायकलबरोबर मिळणारी आकड्यांची बारीक केबल हातातल्या कटरने काही सेकंदांत तुटते. दुधाची पिशवी घेईपर्यंत ती ठीक आहे. स्टेशनबाहेर दिवसभर सायकल लावायची असेल तर इंग्रजी ‘यू’ किंवा ‘डी’ अक्षराच्या आकाराचे कडक पोलादी कुलूप हवे. ते जड असते, पण रोज एकाच जागी सायकल लावणाऱ्याला तिथेच खांबाला अडकवून ठेवता येते.

कुलूप कुठून घालतो हेही तितकेच महत्त्वाचे. फक्त पुढच्या चाकातून घातले, तर चाक तिथेच राहते आणि सायकल जाते. खटका ओढला की सुटणारी चाके असतील तर हे काम मिनिटाचे. कुलूप फ्रेम आणि चाक दोन्हींतून जाऊन जमिनीत पक्क्या रोवलेल्या वस्तूला अडकले पाहिजे.

शिवाय एक काम फुकटात होते. सायकल उलटी करून पेडलच्या दांड्याखाली कोरलेल्या फ्रेम क्रमांकाचा फोटो काढून ठेवावा, सोबत बिलाचाही. चोरीची तक्रार देताना ‘निळ्या रंगाची, गिअरची’ या वर्णनाने सायकल सापडत नाही. रेल्वेने सायकल पाठवतानाही हाच क्रमांक आणि बिल कामी येते.

पंक्चर किटमध्ये काय हवे आणि टायरवरचा आकडा काय सांगतो?

एक जादा ट्यूब, पॅच आणि सोल्यूशन, प्लास्टिकचे दोन टायर लिव्हर, छोटा पंप आणि एलन कीचा संच. एवढे सामान सीटखालच्या पिशवीत मावते. पण ट्यूब चुकीची असेल तर बाकी सगळे फुकट, आणि इथेच अनेकांची फसगत होते.

इंचांतले माप दिशाभूल करते. दोन टायरवर ‘२६ इंच’ लिहिलेले असू शकते आणि तरीही एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर चढणार नाही. कारण रुंद टायरच्या एमटीबी प्रकारात रिमचा व्यास ५५९ मिलिमीटर असतो, तर २६ × १ ३/८ या मापात ५९०. उलट ‘७००सी’ आणि ‘२९ इंच’ ही नावे वेगळी, पण रिमचा व्यास एकच, ६२२. आपल्याकडची पारंपरिक काळी, २८ × १ १/२ मापाची सायकल आणखी निराळी. तिचा व्यास ६३५.

म्हणून टायरच्या कडेवर इंचांशेजारी छापलेली ‘३७-६२२’ अशी जोडी पाहावी. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. नवा टायर घेताना दुसरा आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे. ट्यूब रबराची असल्याने रुंदीत थोडी सवलत देते. ती किती, हे ट्यूबच्या खोक्यावर लिहिलेले असते.

दुसरी गोष्ट व्हॉल्व्हची. मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर रस्त्यातल्या कोणत्याही पंक्चरवाल्याकडे किंवा पेट्रोल पंपावर हवा मिळते. रोड बाइकचा बारीक, टोकाला छोटी चाकी असलेला प्रेस्टा व्हॉल्व्ह तिथल्या नळीला बसत नाही. त्यासाठी पितळी अडॅप्टर मिळतो. बोटाच्या पेराएवढी ही वस्तू पंपाच्या नळीलाच अडकवून ठेवावी. पेट्रोल पंपावर हवा भरताना टायरच्या कडेवर छापलेला जास्तीत जास्त दाब आधी वाचावा. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा फारच कमी मावते, त्यामुळे मोठ्या कॉम्प्रेसरने ती काही क्षणांत फुटू शकते.

ट्यूब बदलण्यापूर्वी टायरच्या आतून जपून फडके फिरवावे. देशावर बाभळीचा काटा आणि महामार्गावर ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली केसासारखी तार, ही नेहमीची कारणे. काटा आतच राहिला तर नवी ट्यूबही पुढच्या किलोमीटरला बसते.

सामान पाठीवर घ्यावे की सायकलवर?

ऑफिसचा डबा आणि लॅपटॉप पाठीवर चालतो. पण रोज तासभर चालवणाऱ्याची पाठ घामाने भिजते आणि चार दिवसांच्या प्रवासात खांदे व मान बोलू लागतात. वजन जितके खाली, तितकी सायकल स्थिर. म्हणून मागच्या कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पॅनिअर पिशव्या सोयीच्या. कॅरिअर किती किलो पेलतो, हे त्याच्यावरच छापलेले असते. अनेक कॅरिअरवर २५ किलोचा आकडा दिसतो. ती मर्यादा आहे, तेवढे भरलेच पाहिजे असे नाही. दोन्ही पिशव्यांचे वजन सारखे ठेवावे आणि पेडल मारताना टाच पिशवीला लागत नाही ना, हे घरीच फेरी मारून पाहावे.

बांधलेल्या दोरीचे किंवा इलॅस्टिकचे लोंबणारे टोक हा खरा शत्रू. ते चाकात गेले की चाक जागीच अडकते. ओढणी, पदर आणि रेनकोटचा घोळ यांनाही हेच लागू आहे. त्यासाठी चेनकव्हर आणि चाकाच्या बाजूची जाळी असलेली साधी सायकल आजही शहाणपणाची निवड ठरते. मडगार्डही काढून टाकू नये. ते गेले की चिखलाची रेघ पाठीवर उमटते आणि मागचा दिवाही चिखलाने झाकला जातो.

किनाऱ्याच्या मार्गावर काय वेगळे लागते?

हे सगळे सामान एकाच प्रवासात पारखायचे असेल तर मांडवा ते रत्नागिरी हा मार्ग त्यासाठी चांगला. मुंबईतून सायकलने बाहेर पडणे हेच मुळात अवघड आहे. अटल सेतू सायकलला बंद, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गही बंद. पण भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट सायकलला घेते आणि तासाभरात पलीकडे सोडते.

मांडव्याहून अलिबाग, रेवदंडा, मुरूड करत रस्ता आगरदांड्याला खाडीशी संपतो. तिथून फेरीबोटीने दिघी. पुढे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर आणि बागमांडल्याहून दुसरी बोट वेश्वीला. मग केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळ. तिसरी बोट दाभोळ ते धोपावे. गुहागर ओलांडून तवसाळहून चौथी बोट जयगडला आणि तिथून गणपतीपुळे, आरे-वारे करत रत्नागिरी. मोटारवाल्यांना या बोटींवर रांगेत थांबावे लागते, सायकलवाला बहुतेकदा कडेने चढतो. बोटींच्या वेळा हंगामानुसार आणि हवामानानुसार बदलतात. शेवटची बोट चुकली तर खाडीला वळसा घालणे सायकलवर परवडत नाही, म्हणून त्या दिवसाच्या वेळेची आदल्या मुक्कामीच फोनवर खात्री करावी.

नकाशावर हा रस्ता समुद्रालगत सपाट दिसतो, प्रत्यक्षात तसा नाही. जवळपास प्रत्येक खाडीनंतर छोटा पण उभा चढ आणि तितकाच उभा उतार असतो. सामानासह उतरताना ब्रेक पॅड झपाट्याने झिजतात. पॅडवरच्या खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर निघण्यापूर्वीच बदलावेत. खारी हवा आणि वाळू चेनला गंज आणतात. रोज संध्याकाळी चेन कोरड्या फडक्याने पुसून तेलाचे थोडे थेंब द्यावेत आणि वरचे तेल पुन्हा पुसावे. तेलात बरबटलेली चेन वाळू ओढून घेते.

परतताना सायकल रेल्वेच्या डब्यात नेता येते का?

साधारणपणे नाही. प्रवासी डब्यात नेण्याच्या पेटी-सुटकेससाठी रेल्वेने ठरवलेली कमाल मापे १०० × ६० × २५ सेंटिमीटर आहेत. चाके काढून सायकल पिशवीत भरली तरी अडचण सुटत नाही. ७००सीच्या चाकाचा टायरसह व्यासच ६८ सेंटिमीटरच्या आसपास भरतो. घडीची सायकल त्यातल्या त्यात जवळ येते, पण तिचीही जाडी बहुधा २५ सेंटिमीटरच्या वर जाते. बाकाखाली मावली आणि कव्हरमध्ये असली तर सहसा कोणी हरकत घेत नाही. नियमाने मात्र ती मापात बसतेच असे नाही.

त्यामुळे सायकल जाते ती ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या टोकाला असलेल्या सामानाच्या डब्यात. इथे ‘लगेज’ आणि ‘पार्सल’ यांतला फरक समजून घ्यायला हवा. लगेज म्हणून नोंदवायला त्याच गाडीचे प्रवासाचे तिकीट लागते आणि सायकल प्रवाशाबरोबर त्याच गाडीने जावी, अशी अपेक्षा असते. पार्सलला तिकीट लागत नाही, पण ते कोणत्या गाडीने जाईल हे जागेवर ठरते. रत्नागिरीहून घरी जाताना लगेजच सोयीचे. तिकिटाबरोबर मोफत नेता येणाऱ्या वजनात सायकल धरली जात नाही, तिचे शुल्क वेगळे लागते.

तिकीट काढण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, गाडीला ब्रेकव्हॅन आहे का. वंदे भारतमध्ये ही सोय नाही. अन्य गाड्यांतही सामानाच्या डब्यातील काही जागा खासगी ठेकेदारांना भाड्याने दिलेली असू शकते. म्हणून आदल्या दिवशी पार्सल कार्यालयात विचारणे बरे. दुसरी, गाडी किती मिनिटे थांबते. ब्रेकव्हॅन फलाटाच्या टोकाला येते. दोन मिनिटांच्या थांब्यात सायकल चढवून स्वतःच्या डब्यापर्यंत पळणे एकट्याला जमत नाही.

गाडीच्या दीड-दोन तास आधी पोहोचावे. तिकीट, ओळखपत्र आणि सायकलचे बिल यांच्या प्रती सोबत असाव्यात. सायकलला नाव, फोन क्रमांक, पीएनआर, कुठून-कुठे असा पुठ्ठा दोन ठिकाणी बांधावा, म्हणजे एक फाटला तरी दुसरा राहतो.

सायकल हरवली किंवा मोडली, तर भरपाई किती?

या प्रवासातला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा हाच. रेल्वे कायदा, १९८९ नुसार नोंदणी करून पावती दिलेल्या सामानाची जबाबदारी रेल्वेवर येते. पण किंमत जाहीर केली नसेल तर त्या जबाबदारीला मर्यादा आहे. लगेजसाठी ती किलोमागे १०० रुपये, पार्सलसाठी ५० रुपये.

म्हणजे १५ किलोची सायकल लगेजमध्ये गहाळ झाली तर मर्यादा भरते १,५०० रुपये, मग तिची किंमत १० हजार असो की ८० हजार. यावर उपाय नियमातच आहे. नोंदणी करताना सायकलची किंमत लेखी जाहीर करून त्यावरचे टक्केवारी शुल्क भरले, तर जाहीर किमतीपर्यंत दावा करता येतो. खिडकीवर हे कोणी आपणहून सांगेलच असे नाही, ते प्रवाशानेच मागावे लागते. बिलाची प्रत सोबत ठेवायची ती त्यासाठी. आणि पावती खिशात आल्याशिवाय सायकल सोडून जाऊ नये.

बांधणी कशी करावी?

ब्रेकव्हॅनमध्ये आपल्या सायकलवर मोटारसायकल, माशांचे खोके, आंब्याच्या पेट्या काहीही टेकू शकते. जुने गोधडीचे कापड, पुठ्ठा किंवा फोमची नळी फ्रेमला गुंडाळावी. सर्वांत नाजूक भाग मागचा गिअर. तो ज्या पातळ पट्टीवर बसतो ती मुद्दाम मऊ धातूची असते, म्हणजे मार बसल्यावर फ्रेमऐवजी ती वाकते. सायकल आडवी ठेवायची वेळ आली तर गिअरची बाजू वर राहिली पाहिजे. ही पट्टी प्रत्येक मॉडेलची वेगळी असते आणि गावात मिळत नाही, म्हणून लांबच्या प्रवासात एक जादा ठेवावी.

जागा वाचवायला पेडल काढायचे असेल तर एक खूण लक्षात ठेवावी. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पाना पेडलच्या वर उभा धरला आणि मागच्या चाकाच्या दिशेने ओढला, तर दोन्ही बाजूंची पेडल सुटतात. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असतील तर चाक काढल्यावर ब्रेकची मूठ चुकूनही दाबू नये, पॅड आतल्या आत मिटून बसतात. त्यांच्या फटीत जाड पुठ्ठ्याची घडी सरकवून ठेवली की काम भागते.

दिवा, पंप, बाटली, मोबाइलचा स्टँड, सीटखालची पिशवी, म्हणजे हाताने सुटणारे सगळे काढून आपल्या सॅकमध्ये घ्यावे.

विमान, मेट्रो आणि बसचे काय?

विमानाने सायकल खोक्यातून चेक-इन सामान म्हणून जाते. खोक्याचे माप, वजन आणि शुल्क कंपनीगणिक वेगळे असते, म्हणून तिकिटाआधी ते वाचावे. टायरमधील हवा कमी करायला सांगतात. पॉवर बँक मात्र चेक-इन सामानात कधीच चालत नाही, ती केबिन बॅगेतच. दिव्यांच्या जादा बॅटऱ्याही तिथेच. ई-सायकलची अडचण मोठी आहे. प्रवासी विमानात १६० वॉट-अवरपेक्षा मोठी लिथियम बॅटरी नेता येत नाही, तर ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-अवरची साधी ई-सायकल बॅटरीच ३६० वॉट-अवरची भरते. म्हणजे बॅटरी घरीच ठेवावी लागते.

पुणे, नागपूर आणि मुंबईतील काही मेट्रो मार्गांवर सायकल सोबत नेण्याची मुभा दिली गेली आहे. गर्दीची वेळ टाळावी आणि स्थानकावर विचारून घ्यावे. एसटीत किंवा खासगी बसमध्ये सगळे टपावर नाही तर डिकीत जागा आहे का, यावर ठरते. सुरुवातीच्या आगारातून बसलात तर वाहकाशी बोलायला वेळ मिळतो, अधल्यामधल्या थांब्यावर तो मिळत नाही.

निघण्यापूर्वी एकदा तपासावे…

- पुढचा आणि मागचा दिवा चार्ज केलेला, मागचा दिवा सामानाआड नाही.
- टायरवरचा आकडा आणि जादा ट्यूबवरचा आकडा जुळतो, व्हॉल्व्ह पंपाला बसतो.
- ब्रेक पॅडवर खाच शिल्लक आहे.
- फ्रेम क्रमांकाचा आणि बिलाचा फोटो मोबाइलमध्ये, एक छापील प्रत सॅकमध्ये.
- लगेज नोंदवताना किंमत जाहीर केली, पावती घेतली.

आणि शेवटची गोष्ट. कोकणातून येणाऱ्या अनेक गाड्या मुंबईत रात्री किंवा पहाटे पोहोचतात. ब्रेकव्हॅनमधून सायकल उतरवून, चाके बसवून स्टेशनबाहेर पडेपर्यंत रस्त्यावर अंधार असतो. अंगात चार दिवसांचा थकवा, कॅरिअरवर सामान आणि घर आठ-दहा किलोमीटरवर. पाच बोटी, चढउतार आणि रेल्वे पार करून आलेल्या सायकलला खरी जोखीम आता आहे. त्या वेळी मागचा दिवा सॅकच्या तळाशी नव्हे, वरच्या कप्प्यात हाताला लागला पाहिजे.